हलक्या गाडीचे वजन

बाळासाठी हलकी बाबागाडी घ्यायची असे घरात ठरले की पहिला प्रश्न निघतो किमतीचा आणि दुसरा रंगाचा. ती गाडी रोज उचलणार कोण, हा प्रश्न बहुधा गाडी घरी आल्यावर निघतो. सांगलीच्या गणपती पेठेत खाली हळद-गुळाची पेढी आणि वर बिऱ्हाड अशी जुनी वास्तू असलेल्या एका कुटुंबात मात्र तो खरेदीपूर्वीच निघाला, आणि त्यापायी खरेदी तीन आठवडे लांबली.

नात झाली होती. प्रसूती माहेरी निपाणीस झाली, तीही शस्त्रक्रियेने. बाळ अडीच महिन्यांचे झाल्यावर सूनबाई सांगलीस परतल्या. बाळंतपणापूर्वी पेढीचे जीएसटीचे विवरण आणि बँकेचे व्यवहार त्याच पाहत. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले की आमराईपर्यंत पायी जाऊन येण्याचा त्यांचा नेम होता. आता तो नेम सुटला होता. पतिराज खरेदीनिमित्त महिन्यातील निम्मे दिवस बाहेरगावी. घर आणि रस्ता यांच्यामध्ये सतरा पायऱ्यांचा अरुंद लाकडी जिना, कठड्याला एका बाजूसच दोर बांधलेला. बाळाला घेऊन तो उतरायचा तर दुसरा हात दोरासाठीच राखून ठेवावा लागे. एकदा सूनबाई सासऱ्यांना सहज म्हणाल्या, “अण्णा, दोन महिने झाले, मी एकटी कुठंच गेले नाही.” तक्रार नव्हती, पण अण्णांनी ती नोंदवून ठेवली.

आजींचे मत निराळे होते. “आमच्या वेळी चार मुलं कडेवर वाढली. घरात एवढे हात असताना लेकराला चाकांवर कशाला घालायचं?” ह्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. कडेवरचे बाळ उबेत असते, त्याला माणसाचा चेहरा दिसत असतो, आणि पायरी असो वा खड्डा, कडेला काही अडत नाही. परंतु एकत्र कुटुंबात हात मोजताना ते किती वाजता मोकळे असतात, हे कोणी मोजत नाही. अण्णा सकाळी दहाला पेढीवर बसत ते सायंकाळीच उठत. आजींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली. धाकटी जाऊबाई महाविद्यालयात शिकवीत असे. दुपारी अकरा ते पाच ह्या वेळेत मोकळे हात दोनच उरत, आणि ते ज्यांना बाहेर पडायचे होते त्यांचेच होते.

चिरंजीवांनी प्रश्न एका रात्रीत सोडविला. भ्रमणध्वनीवर त्यांनी एक गाडी शोधली: वजन ५.८ किलो, पुस्तकासारखी तीन घड्यांत मिटणारी, विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावणारी, किंमत अकरा हजार. पत्नीने हलकी गाडी मागितली होती, त्यांनी हलकी गाडी निवडली. पैसे भरण्यापूर्वी अण्णांनी एवढेच विचारले, “किती महिन्यांच्या मुलाला चालते?” वर्णनाच्या अगदी तळाशी लिहिले होते: ६ महिन्यांपासून पुढे.

ही ओळ विक्रेते तळाशी का छापतात ते समजण्याजोगे आहे. पण लहान बाळाची गाडी घेताना सर्वांत आधी वाचायची ओळ तीच. पहिल्या तीन-चार महिन्यांत बाळाला मान सावरता येत नाही. त्याला बसत्या आसनात ठेवले की डोके पुढे झुकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. हे मुकाट्याने घडते; बाळ रडत नाही, झोपल्यासारखेच दिसते. पट्टे आवळल्याने त्यावर उपाय होत नाही, कारण पट्टे धड धरतात, मान धरीत नाहीत. म्हणून ईएन १८८८ ह्या युरोपीय मानकात सहा महिन्यांच्या आतील बाळासाठीच्या गाडीत आसन आणि पाठ यांतला कोन निदान १५० अंश असावा असे ठरविलेले आहे. १८० अंश म्हणजे पाळण्यासारखी पूर्ण आडवी पाठ. १५० म्हणजे तिच्या जवळपास. ‘पाठ मागे होते’ एवढ्या वर्णनावरून हा कोन कळत नाही, कारण मागे तर आरामखुर्चीची पाठही होते.

हलकेपणा आणि आडवी पाठ यांचे हे वाकडे गाडीच्या जन्मापासूनचे आहे. युरोपातील प्रारंभीच्या बाबागाड्या म्हणजे श्रीमंतांच्या छोट्या बग्ग्याच होत्या. इंग्लंडमध्ये विल्यम केंट ह्या कलावंताने १७३३ च्या सुमारास डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची गाडी बनविली, ती बकरीने किंवा लहानशा तट्टाने ओढावयाची होती. पुढे माणसाने ढकलावयाच्या गाड्या आल्या, तरी त्या पाळण्याला चाके लावल्यासारख्या, अवजड. बाळ त्यांत सुखाने आडवे होई; आई मात्र पायरीपाशी अडे. छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी जगाला मिळाली ती १९६५ मध्ये, आणि ती देणारा होता एक आजोबा. ओवेन मॅक्लारेन हे निवृत्त विमान अभियंता. दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर विमानाची पंखांत मिटणारी चाके ज्यांच्या कामात होती असे गृहस्थ. परदेशात राहणारी त्यांची मुलगी आपल्या बाळाला आणि एका जड गाडीला घेऊन माहेरी आली. त्या गाडीने मुलीची प्रवासात केलेली दैना पाहून त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या पोकळ नळ्यांचा मिटणारा सांगाडा तयार केला आणि त्याचे पेटंट मागितले. वजन अवघे ६ पौंड, म्हणजे पावणेतीन किलोंच्या आसपास.

आज साठ वर्षांनीही बाजारातील बहुतेक हलक्या गाड्या त्याहून जड आहेत, ह्याचे अनेकांना नवल वाटेल. परंतु त्या पहिल्या गाडीत आसन म्हणजे दोन नळ्यांमध्ये ताणलेले कापड होते. आडवी होणारी पाठ, मोठा टप, खालची जाळी, यांपैकी काही नव्हते. ती बसत्या मुलाची गाडी होती. वजन कमी झाले ते अभियंत्याच्या कौशल्याने, आणि तितकेच, तान्ह्या बाळाला लागणाऱ्या गोष्टी वगळल्याने. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर मालाचे वजन कमी भरले की दोनच शक्यता असतात: मालच हलका, किंवा पोत्यातून काहीतरी काढून घेतलेले.

अण्णांनी मग आपल्या धंद्याची रीत लावली. गावातील ओळखीच्या दुकानातून दोन गाड्या जांगड आणविल्या. एक छत्रीगाडी शेजारून मागून घेतली. तिन्ही पेढीच्या काट्यावर चढल्या. दुकानदाराच्या मुलास ह्याचे हसू आले, पण काटा खोटे बोलत नाही. ५.८ किलोची म्हणून आलेली तीन घड्यांची गाडी ६.६ भरली. टप, पुढची आडवी दांडी आणि खालची जाळी उत्पादकाने वजनात धरली नव्हती. छत्रीगाडी ४.२ किलो. तिसरी, जिची पाठ आडवी होते असा दावा होता, ती ७.६ किलो. नंतर थोरल्या नातवाच्या कंपासपेटीतील कोनमापक आणि एक पुठ्ठा घेऊन तिन्हींच्या पाठी मोजल्या. छत्रीगाडी ११० च्या आसपास, दुसरी सव्वाशेच्या थोडी पुढे, तिसरी १६० च्या वर. तान्ह्या बाळापुरता निकाल येथेच लागला. पण अण्णा तेथे थांबले नाहीत, आणि ते योग्यच झाले.

त्या आठवड्यात बाळाचे वजन पाच किलो भरले होते. अण्णांनी दुकानातून रव्याची पाच किलोची पिशवी मागविली आणि चिरंजीवांच्या डाव्या हातात दिली. “ही पिशवी म्हणजे बाळ. खाली ठेवायची नाही, टेबलावरही नाही. आता गाडी मीट.”

छत्रीगाडी दोन मुठींची. पायाने मागची खीळ सोडायची आणि दोन्ही मुठी दोन्ही हातांनी जवळ आणायच्या. ती एका हाताने मिटली नाही. तीन घड्यांच्या गाडीला दांडीच्या दोन टोकांस दोन कळी होत्या, त्या एकदम दाबाव्या लागत. चिरंजीवांनी एक कळ दाबून दुसरी कोपराने दाबण्याचा यत्न केला, तेव्हा बाळाची, म्हणजे रव्याची, मान गाडीच्या दांडीवर आपटली. आजी इतका वेळ लांबून पाहत होत्या, त्या उठून उभ्या राहिल्या. तिसऱ्या गाडीला मुठीतच कळ होती; अंगठ्याने दाबून मनगट फिरविले की सांगाडा आपणहून खाली बसे आणि खीळ आपोआप लागे. चिरंजीवांना ते दुसऱ्या प्रयत्नात जमले, सूनबाईंना पहिल्याच.

मग सूनबाईंनी, कोणी न सुचविता, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात मिटलेली तिसरी गाडी घेऊन जिना चढायला सुरुवात केली. एकूण १२.६ किलो. दोराला हात नाही. सातव्या पायरीवर त्या थांबल्या आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. टाक्यांच्या जागी हात नेता येत नव्हता, दोन्ही हात गुंतलेले होते. चिरंजीव धावत वर गेले आणि त्यांनी गाडी काढून घेतली. शस्त्रक्रियेने बाळंत झालेल्या स्त्रीने पहिले सहा आठवडे बाळाहून जड काही उचलू नये, असे डॉक्टर सांगतात. ते सहा आठवडे सरले होते खरे. पण शरीर दिनदर्शिका पाहून बरे होत नाही.

म्हणजे जी गाडी बाळाला योग्य ती आईला पेलत नव्हती, आणि जी आईला पेलेल ती बाळाला योग्य नव्हती. अशा वेळी घरातून सहज निघणारा तोडगा म्हणजे “कोणीतरी उचलून देईल.” तो उदार वाटतो; पण बाहेर पडायचे तर आधी कोणाला तरी हाक मारायची, त्याच्या हातातील काम संपेपर्यंत थांबायचे, आणि परत येण्याची वेळही सांगून जायची, असा त्याचा अर्थ होतो. सूनबाईंनी जे दोन महिने सोसले होते तेच पुढे चालू राहिले असते, फक्त घरात एका गाडीची भर पडली असती.

अण्णांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी पेढीवरील मुनीम येण्यापूर्वी त्यांनी तिजोरीशेजारचे जुन्या चोपड्यांचे कपाट रिकामे करविले आणि मागच्या गोदामात हलविले. गादीच्या उजव्या अंगाची ती जागा, रस्त्यावरून दोन पावलांवर, हळदीच्या पोत्यांपासून दूर. गाडी वर न्यायचीच नाही, असे ठरले. सूनबाई बाळाला एका हातात घेऊन, दुसरा हात दोरावर ठेवून उतरतील. गाडी खाली उघडून तयार असेल. पेढीवरची गादीलगतची जागा म्हणजे काय, हे ह्या अंकाच्या वाचकांना सांगावयास नको. गिऱ्हाईक बसते त्या कोपऱ्यात आता बाबागाडी उभी राहणार होती, आणि एका जुन्या अडत्याने त्यावर शेराही मारला. अण्णांनी चहा मागविला आणि हळदीचा भाव विचारला.

जिन्याचा प्रश्न असा मिटल्यावर एका किलोच्या फरकाला महत्त्व उरले नाही. हलकेपणा अजूनही हवा होता, परंतु तो रिक्षात चढविण्यापुरता आणि मोटारीच्या डिकीत ठेवण्यापुरता, आणि त्याला ७.६ किलो जड नव्हते. जेथे जिना टळत नाही, खाली दोन फुटांची जागाही नाही, अशा घरांनी पहिले सहा महिने कापडी झोळीवजा पट्ट्यात बाळ छातीशी बांधून न्यावे, बाळाचा चेहरा मोकळा आणि हनुवटी छातीपासून वर राहील एवढे पाहावे, आणि बाळ बसू लागल्यावर खुशाल चार किलोची छत्रीगाडी घ्यावी. दोन्ही मिळून खर्चही थोडकाच होतो.

किमतीचा हिशेब अण्णांनी घसाऱ्याच्या रीतीने मांडला. अशा वस्तूचा सर्वांत मोठा घसारा खोके उघडताक्षणीच होतो, पुढे तो मंदावतो. तिसरी गाडी साडेनऊ हजारांची. अडीच वर्षे वापरून तीन हजारांस गेली तर साडेसहा हजार खर्ची पडले, म्हणजे दिवसाला सात रुपयांच्या आसपास. पाच हजारांची छत्रीगाडी दोन वर्षांनी हजारास गेली तर दिवसाला साडेपाच. पण ज्या महिन्यांत गरज सर्वाधिक, त्या महिन्यांत तिचा उपयोग शून्य. अकरा हजारांच्या गाडीत ज्यादा पैसे विमानातील कप्प्यासाठी द्यावे लागत होते, आणि ह्या घरातील विमानप्रवास वर्षाकाठी फार तर एक.

किरकोळ वाटणाऱ्या काही गोष्टी सूनबाईंनी पाहिल्या, त्या पुरुषांच्या ध्यानात आल्या नसत्या. एका गाडीचा ब्रेक सोडायला खीळ पायाच्या बोटांनी वर उचलावी लागे. बूट घालणाऱ्या देशात ते ठीक, चप्पल घातलेल्या पायाचे नख दुखावते. वर-खाली दोन्ही वेळा दाबूनच चालणारा ब्रेक त्यांनी निवडला. पुढची चाके गुळगुळीत फरशीवर मोकळी फिरणारी हवीत, पण पेठेतील उखडलेल्या रस्त्यावर ती सरळ अडकवून ठेवण्याची सोय हवी, नाहीतर लहान चाक खळग्यात आडवे होते आणि गाडी पुढे झुकते. चाक जितके मोठे तितका खळगा लहान, हे बैलगाडीवाल्यालाही ठाऊक आहे. पट्टे पाच टोकांचे: दोन खांद्यांवरून, दोन कमरेस, एक पायांमधून. आसनाचे कापड निघून धुता येते की नाही, हे त्यांनी प्रत्यक्ष काढून पाहिले. मुठीवरचे आवरण अस्सल चामड्याचे नाही, हे आजींनी दुकानदाराकडून दोनदा वदवून घेतले.

बिजागरीकडे मात्र सर्वांनीच पाहावे. २००९ मध्ये अमेरिकेत एका नामांकित बनावटीच्या सुमारे १० लाख गाड्यांच्या बिजागऱ्यांवर आवरणे बसवावी लागली, कारण गाडी उघडताना सांध्यात सापडून १२ बालकांच्या बोटांची टोके तुटली होती. गाडी उघडताना वा मिटताना मूल, आणि बाळाचे थोरले भावंडही, हातभर लांब असावे. सांगलीच्या घरात हा नियम थोरल्या नातवाला उद्देशून करण्यात आला, आणि त्याने तो आजोबांनाच दोनदा ऐकविला.

आणखी दोन सवयी आपल्याकडे सर्रास दिसतात. भाजीची पिशवी गाडीच्या मुठीला अडकविली जाते. बाळ आत असेतो काही होत नाही, बाळाला उचलताच गाडी मागे उलटते, आणि बाळ आत असतानाही पिशवी पुरेशी जड असली तर उलटतेच. ओझे खालच्या जाळीत, तेही तेथे छापलेल्या मर्यादेत. दुसरी सवय उन्हाची. बाळाला ऊन लागू नये म्हणून टपावरून ओढणी किंवा दुपटे सोडून गाडी पुढून बंद करतात. आत हवा खेळत नाही, उकाडा साठतो, आणि बाळ दिसतही नाही. चैत्र-वैशाखात सांगलीच्या उन्हात हे धोक्याचे आहे. टप पुढपर्यंत येणारा आणि मागे जाळीची खिडकी असलेला घ्यावा, आणि दुपारी बाहेर पडूच नये.

आजींचा विरोध गाडी पसंत झाल्यावर मावळला असे म्हणता येणार नाही. त्यांनी तो कामाला लावला. आसनाचे कृत्रिम धाग्याचे कापड हाताला लागताच “ह्यावर लेकराला घाम येईल” म्हणून त्यांनी जुन्या सुती लुगड्याचे एक अस्तर शिवले. प्रथम त्या कापूस भरणार होत्या. सूनबाईंनी सांगितले, “आई, जाड गादी नको, पट्टे सैल पडतात आणि तोंड बुडतं.” मग अस्तर एकपदरी झाले, आणि पट्ट्यांसाठी त्याला पाच काजे पाडली गेली.

चौदाव्या आठवड्याच्या लसीचा दिवस उजाडला तेव्हा चिरंजीव सेलमला होते. दवाखाना हरभट रोडच्या पलीकडे, पायी पंधरा मिनिटांवर. सकाळी साडेनऊला, ऊन चढण्यापूर्वी, सूनबाई दोराला धरून सतरा पायऱ्या उतरल्या, बाळाला गाडीत आडवे केले, पाच पट्टे लावले, लसीचे पुस्तक खालच्या जाळीत ठेवले आणि पेठेच्या गर्दीत शिरल्या. अण्णा गादीवर होते. त्यांनी सोबत कोणाला धाडले नाही, आणि कधी परतणार असेही विचारले नाही. साडेअकराला त्या आल्या. बाळ रडून झोपले होते. एका हाताने बाळाला उचलून दुसऱ्या हाताने त्यांनी गाडी मिटली, तिजोरीच्या शेजारी उभी केली आणि वर गेल्या. सायंकाळी अण्णांनी गाडी कशी चालते ते विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या की डावे पुढचे चाक वळणावर जरा ओढते, जांगडाची मुदत संपण्यापूर्वी दुकानदाराला दाखवायला हवे.